जुनं मशीन भंगारात काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आदल्या दिवसापर्यंत बिनतक्रार चालणारी असंख्य मशीन्स एका तारखेपायी 'जुनी' झाली. त्यांचा कुठला पार्ट जळला नव्हता की वेग घटला नव्हता. विंडोज ११ च्या यादीत त्यांचा प्रोसेसर नव्हता, एवढंच. म्हणून मशीन बदलायचं की ठेवायचं हे ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या: हार्डवेअरमध्ये काय बिघडलंय आणि सॉफ्टवेअरने काय नाकारलंय. यांची गल्लत झाली की पैसे भलतीकडे जातात. ग्राफिक्स कार्ड नवं येतं आणि मशीन सुरू व्हायला लागणारी तीन मिनिटं तशीच राहतात.

आधी मोजा

'मशीन स्लो आहे' एवढ्यावरून कुठलाही पार्ट विकत घेऊ नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबवर जा आणि रोजचं काम करत पंधरा मिनिटं त्यावर नजर ठेवा. सीपीयू १०-१५ टक्क्यांवर निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली असेल तर अडथळा फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर गेलीय आणि डिस्कही धावतेय, तर रॅम कमी पडतेय. न मावलेला माल विंडोज डिस्कवर नेऊन टाकतंय आणि पुन्हा उचलून आणतंय. सीपीयू भरलेला दिसला तर कुठली प्रोसेस तो खातेय ते बघा. इथे एक फसगत होते. चार कोअरच्या साध्या प्रोसेसरचा एकच कोअर पूर्ण राबत असला तरी एकूण आकडा २५ टक्केच दिसतो. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला लावा, म्हणजे एकटा राबणारा कोअर सापडतो. बरेचसे जुने गेम असेच एका कोअरच्या जिवावर चालतात.

मग तापमान. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर फक्त सेन्सर दाखवण्याच्या मोडमध्ये उघडा, मशीनला दहा मिनिटं जड काम द्या आणि कमाल आकड्यांचा रकाना वाचा. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सियस असते, बऱ्याच रायझेनची ९५. तिथे पोचलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. डेस्कटॉप ८० च्या आणि लॅपटॉप ९० च्या आत राहत असेल तर काळजीचं कारण नाही.

तापमान ५० आणि तरीही वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या वर जाईना, हा लॅपटॉपचा खास आजार. बऱ्याचदा दोष चार्जरचा निघतो. काही लॅपटॉप प्लगमधल्या बारीक पिनेवरून चार्जर ओळखतात. ती पिन वाकली किंवा चार्जर डुप्लिकेट असला की मदरबोर्ड प्रोसेसरचा वेग दाबून धरतो. चार वेळा फॉरमॅट मारून यात काही फरक पडत नाही. त्याच मॉडेलचा ओरिजिनल चार्जर मागून आणा आणि लावून बघा.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसते. तीन ओळी महत्त्वाच्या: ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून संशयात ठेवलेले आणि सी६ म्हणजे ज्यांच्यातली चूक दुरुस्त होऊ शकली नाही असे. सी५ शून्याच्या वर दिसला तर त्या डिस्कवर चेकडिस्क किंवा डीफ्रॅग चालवू नका. आजारी डिस्कला पळायला लावलं तर उरलेला डेटाही जातो. आधी महत्त्वाच्या फाइली उतरवा, नंतर प्रयोग करा.

आणि घड्याळ. वीज काढल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. दिसायला ही किरकोळ गोष्ट, पण तारीख २०१० दाखवणाऱ्या मशीनवर बँकेची किंवा सरकारी साइट 'असुरक्षित' ठरते, कारण त्या तारखेला साइटच्या सर्टिफिकेटची मुदत सुरूच झालेली नसते. 'यावर इंटरनेट चालत नाही' असा शिक्का बसून एका सेलपायी अख्खं मशीन माळ्यावर जातं.

धूळ आणि पेस्ट

वीज काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जातो. लॅपटॉप असेल तर झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो त्याच्या मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खराब होतं, शिवाय मोटर जनरेटरसारखी वागून बोर्डाकडे उलटं व्होल्टेज पाठवू शकते. व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालू नका, तिच्यावर स्थिर वीज साठते. एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणारं खोकं उघडू नका. आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही चार्ज धरून असतात.

लॅपटॉपमध्ये खरा अडथळा बाहेरून दिसत नाही. पंखा आणि धातूच्या बारीक पात्या यांच्यामध्ये धूळ, केस आणि कापडाचे तंतू दाबून त्यांची गादी झालेली असते, जुन्या घोंगडीच्या तुकड्यासारखी. जाळीतून हवा मारली की ती आत सरकते, पात्यांना पुन्हा चिकटते आणि दोन दिवसांत तापमान होतं तिथे येतं. पंख्याचे स्क्रू काढून ती चिमट्याने अख्खी उचलून काढा. हे केल्यावर तापमान १० ते २० अंशांनी उतरणं मुळीच दुर्मीळ नाही.

कूलर काढलाच आहे तर त्याच्या आणि चिपच्या मधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदलूनच परत बसवा. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाचे तंतू राहतात, त्यामुळे कॉफी फिल्टर किंवा तंतू न सोडणारं कापड वापरा. डेस्कटॉप प्रोसेसरवर मध्यभागी ४-५ मिलिमीटरचा, लहान मटाराएवढा ठिपका पुरतो, दाब त्याला पसरवतो. लॅपटॉपची चिप उघडी असते, कोपरा कोरडा राहिला तर तिथेच ती तापते, म्हणून तिथे पूर्ण पृष्ठभागावर पातळ थर द्या. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळा. बऱ्याच लॅपटॉपच्या कूलरवर १, २, ३, ४ असा क्रम छापलेला असतो; बसवताना तोच पाळा, काढताना उलटा.

दोन ठिकाणी हमखास नुकसान होतं. एएम४ सॉकेटवरचा रायझेन कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात. म्हणून मशीन आधी दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करा आणि कूलर सरळ न ओढता डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. दुसरं ठिकाण म्हणजे ग्राफिक्स मेमरीवरचे मऊ थर्मल पॅड. फाटला म्हणून त्याच्या जागी पेस्ट लावतात. पण पॅड अर्धा, एक किंवा दीड मिलिमीटरची फट भरत असतो, पेस्ट ती फट भरू शकत नाही. पॅड त्याच जाडीचाच हवा. जास्त जाड घेतला तर कूलर मुख्य चिपला टेकतच नाही.

एकच खर्च करायचा असेल तर एसएसडी

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, वर सुई हलायचा वेळ. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना सेकंदाला शंभरेक कामं झाली तरी खूप. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, डेटा चिपवर असतो; साधी सॅटा (हार्ड डिस्कच्याच केबलने जोडायची) एसएसडी अशी हजारो कामं सेकंदात उरकते. विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, अपडेट बसणं हे सगळं अशाच छोट्या वाचनांचं काम आहे. दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर बहुतांश वेळ डिस्कची वाट बघत बसलेला असतो.

जुन्या मशीनसाठी २.५ इंची सॅटा एसएसडी बिनघोर घ्या. सॅटा ३ वर ती सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट देते. एनव्हीएमई या जास्त वेगवान एसएसडी प्रकाराचे आकडे याच्या सहापट-बारापट असतात, पण हार्ड डिस्क सोडल्यावर जो फरक जाणवतो त्याच्या पासंगालाही सॅटा ते एनव्हीएमई हा फरक पुरत नाही. एम.२ (बोर्डावर थेट खोचायची पट्टीसारखी एसएसडी) घ्यायची असेल तर मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये स्लॉट सॅटाचा आहे की एनव्हीएमईचा ते आधी वाचा. दोन्ही प्रकार दिसायला जवळपास सारखे, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. चुकीचा घेतला तर तो स्लॉटमध्ये बसतोसुद्धा आणि बायोसला (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरला) दिसत मात्र नाही. फार स्वस्त, क्यूएलसी प्रकारच्या (एका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या) आणि स्वतःची डीरॅम मेमरी नसलेल्या ड्राइव्हवर मोठी फाइल टाकताना सुरुवातीला वेग झकास असतो, कॅश भरली की तो हार्ड डिस्कच्याही खाली उतरू शकतो. सिस्टिम ड्राइव्हसाठी टीएलसी (पेशीत तीनच बिट) बघा आणि १०-१५ टक्के जागा मोकळी सोडा.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) एसएसडीवर केलीत तर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज कधी जुनीवरूनच बूट होते आणि 'काहीच फरक पडला नाही' असं वाटतं. लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागी कॅडी (ड्राइव्ह बसवायची चौकट) लावून दोन ड्राइव्ह ठेवता येतात (जाडी ९.५ की १२.७ मिलिमीटर ते मोजून घ्या), पण एसएसडी मूळ जागेत आणि हार्ड डिस्क कॅडीत. डीव्हीडीचा पोर्ट बऱ्याच मशीन्समध्ये हळू असतो.

रॅम

ब्राउझर आणि ऑफिसच्या कामाला ८ जीबी, गेमसाठी १६. त्यापुढे जुन्या मशीनवर खर्च करण्यात अर्थ नाही. ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावा, कारण दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये चालतात आणि मेमरीची बँडविड्थ दुप्पट होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक गेममध्ये उघड दिसतो. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा भरायचा.

डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते. खरी फसवणूक डीडीआर३ आणि डीडीआर३एलमध्ये आहे: आकार एकच, पण पहिली १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ ची. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपना 'एल' वालीच लागते. साधी लावली तर स्क्रीन काळी राहते आणि पट्टी खराब निघाली असं समजून लोक ती परत करतात. नवी-जुनी पट्टी एकत्र लावल्यावर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी 'चालतंय की' म्हणून सोडू नका. महिन्याभराने फाइली बिघडलेल्या सापडतील.

सॉफ्टवेअरचा नकार

विंडोज ११ ला टीपीएम २.० (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारा सुरक्षा-भाग), सिक्युअर बूट (ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी तपासणी) आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझेन २००० आणि पुढचे प्रोसेसर लागतात. 'टीपीएम नाही' असा संदेश आला म्हणून हताश होऊ नका. बऱ्याच बोर्डांवर तो प्रोसेसरमध्येच असतो, बायोसमध्ये बंद ठेवलेला. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने शोधा. मात्र हात लावण्याआधी ड्राइव्हवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते बघा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. टीपीएम किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की पुढच्या सुरुवातीला तीच मागितली जाते, आणि ती नसेल तर स्वतःचाच डेटा स्वतःला मिळत नाही. सिक्युअर बूटसाठी डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची असावी लागते. जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क तशीच ठेवून बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद केलं तर विंडोज बूट होत नाही. ते पुन्हा चालू केलं की परत येते, त्यामुळे घाबरून फॉरमॅट मारू नका.

रुफस हे फुकट सॉफ्टवेअर वापरून बनवलेल्या पेनड्राइव्हने ही तपासणी ओलांडता येते. घरच्या प्रयोगाच्या मशीनवर खुशाल करा. दुसऱ्याच्या किंवा संस्थेच्या मशीनवर करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे: अशा मशीन्सना अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही आणि मोठी नवी आवृत्ती आली की तो खटाटोप पुन्हा करावा लागतो. २४एच२ आवृत्तीपासून तर कोअर २ ड्युओसारखे प्रोसेसर मुळातच चालत नाहीत, कारण त्यांच्यात लागणाऱ्या सूचनाच नाहीत. टीपीएमचा हट्ट निरर्थक नाही, किल्ल्या वेगळ्या सुरक्षित जागी असणं चांगलंच. पण टीपीएम २.० असलेली सातव्या पिढीची मशीन्सही दाराबाहेर ठेवली गेली, तिथे सुरक्षेचं कारण लंगडं पडतं.

विंडोज १० वरच थांबायचं असेल तर व्यक्तिगत वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. त्यानंतर किंवा आत्ताच, लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. २२ ही आवृत्ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. मिंटचे वेगवेगळे डेस्कटॉप मिळतात: ४ जीबी रॅम असेल तर हलका एक्सएफसीई, ८ असेल तर सिनॅमन. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवा आणि इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवा. या वेळात वायफाय, आवाज, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे सगळं तपासा. वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेथरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपचा ड्रायव्हर तिथूनच मिळतो.

विंडोजशेजारी लिनक्स ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असताना विंडोज 'बंद' होत नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्समधून तिचं पार्टिशन फक्त वाचता येतं. दोन्हींच्या घड्याळात टाइम झोनएवढा फरक पडेल. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की तो मिटतो.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फाइली लिब्रेऑफिस या फुकट पर्यायात विस्कटतात त्याचं कारण पुष्कळदा फॉन्ट असतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कँब्रियाच्या जागी कॅलडिया टाका. अक्षरांची रुंदी तीच असल्याने पानं जागेवर राहतात. सार्वजनिक कार्यालयांनी अर्ज एका कंपनीच्या फॉरमॅटमध्ये मागणं हीच मूळ चूक आहे. ओपन डॉक्युमेंट हा फॉरमॅट २००६ पासून आयएसओचं मानक आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० सरकारी संगणक लिब्रेऑफिस आणि पुढे लिनक्सवर नेण्याचं जाहीर केलं, तेव्हा 'सरकारात हे जमत नाही' हे कारण आता पुरत नाही.

गेम

लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं प्रोटॉन २०१८ मध्ये आलं आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात एका सेटिंगने चालू होतं. गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर त्याचं नाव टाकून बघा. अडतं ते मुख्यतः अँटी-चीटपाशी (लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी): व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत, एपेक्स लेजंड्सने २०२४ मध्ये लिनक्सची दारं बंद केली. हे गेम रोजचे असतील तर लिनक्सचा नाद सोडा. गेमची लायब्ररी विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवू नका. नावांतल्या चिन्हांवरून आणि परवानग्यांवरून प्रोटॉन तिथे अडखळतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर नव्याने उतरवून घ्या. एनव्हीडियाच्या जीटीएक्स ६००-७०० मालिकेतल्या केपलर कार्डांना नव्या प्रोटॉनला लागणारं व्हल्कन १.३ (कार्डाशी बोलायची ग्राफिक्स-प्रणाली) मिळत नाही, त्यांच्यावर जुनी प्रोटॉन आवृत्ती निवडावी लागते.

कार्ड कमी पडतंय की प्रोसेसर, हे ओळखायची दोन मिनिटांची परीक्षा आहे. गेममध्ये एका जागी उभे राहा, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) लिहून घ्या, रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस चांगला वाढला तर अडथळा कार्डाचा. हलला नाही तर प्रोसेसरचा, आणि अशा वेळी नवं कार्ड आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

सरासरी एफपीएसला फार किंमत देऊ नका. ६० एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक फ्रेम. त्यातली एक जरी ८० मिलिसेकंदांनी आली तरी सरासरी तशीच दिसते, डोळ्याला मात्र ठेच लागते. २८ ते ५० मध्ये हिंदकळणाऱ्या गेमपेक्षा ३० वर घट्ट बांधलेला गेम खेळायला कितीतरी बरा. सेटिंग उतरवताना आधी शॅडो, व्हॉल्युमेट्रिक धुकं आणि रिफ्लेक्शन. टेक्श्चरचं गणित वेगळं आहे: ते कार्डाच्या ताकदीवर कमी आणि व्हीरॅमवर (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर) जास्त अवलंबून असतं. ४ जीबीच्या कार्डावर 'अल्ट्रा' टेक्श्चर लावलं की मेमरी ओसंडते, माल सिस्टिमच्या रॅममध्ये जातो आणि मान वळवली की गेम अडकतो. एक पायरी खाली आणा, अडकणं थांबतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेऊन विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवणारे आणि केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावणारेही थोडे नाहीत; तेही एकदा बघून घ्या.

नवं कार्ड घ्यायचंच ठरलं तर सुरुवात एसएमपीएसच्या लेबलपासून करा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा; खरी वॅट तीच. स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनेतून ७५, ८ पिनेतून १५० मिळतात. एसएमपीएस बदलला तर मॉड्युलर केबलीही नव्याच्याच लावा. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक बदलते, जुनी केबल बिनदिक्कत बसते आणि सुरू करताक्षणी ड्राइव्ह जळतात. कार्डाचा स्लॉट जुन्या पीसीआयई ३.० पिढीचा असेल तर चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरणारी कार्डं टाळा. आरएक्स ६५०० एक्सटी तिथे मार खातं. बोर्डावर रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम दिसू देणारी सोय) नसेल तर इंटेल आर्क कार्ड घेऊच नका. ऑफिसातून निवृत्त झालेल्या बारक्या कॅबिनेटसाठी वेगळी पिन न लागणारं जीटीएक्स १६५० किंवा ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० कमी उंचीच्या पट्टीसह बघा.

विकत घेतलेल्या गेमचं काय होतं हाही याच हिशोबातला भाग आहे. २०१४ चा 'द क्रू' एकट्याने खेळता येत होता, तरी ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांकडेही तो उरला नाही. त्यातून उभ्या राहिलेल्या युरोपातल्या नागरिक-याचिकेने २०२५ मध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल माल विकताना तुम्हाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. आपल्या हातात एवढंच: एकट्याने खेळायच्या गेमला सतत इंटरनेट लागतं का हे घेण्याआधी तपासा, परताव्याच्या मुदतीत वायफाय बंद करून एकदा चालवा, आणि जीओजी या दुकानातून घेतलेल्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा.

दुसऱ्याला देताना

शाळेला किंवा वाचनालयाला मशीन द्यायचं असेल तर मिंटच्या लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करा. लॉगआउट केलं की त्या माणसाचे पासवर्ड, डाउनलोड, इतिहास सगळं पुसलं जातं. सार्वजनिक मशीनवर ऑनलाइन अर्ज भरणाऱ्याला याहून मोठं संरक्षण नाही. अपडेट मॅनेजरमध्ये अपडेट आपोआप बसतील असं करा, टाइमशिफ्टचा एक स्नॅपशॉट (बिघडल्यास मागे जायला सिस्टिमची प्रत) घ्या, बायोसला पासवर्ड लावून पेनड्राइव्हवरून बूट होणं बंद करा, आणि वीज गेल्यावर परत आली की मशीन स्वतःहून सुरू होईल ही सेटिंग लावा. बायोसचा पासवर्ड कॅबिनेटच्या आत चिकटवू नका, संस्थेच्या रजिस्टरमध्ये लिहा. तो हरवला की एका रॅमपट्टीच्या बदलासाठी मशीन महिनाभर पडून राहतं.

स्वतःचा डेटा त्याआधी पुसायचा. क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, फाइली तिथेच असतात. हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण शून्यं लिहिली की पुरे. सात वेळा लिहिण्याची गरज नाही. एसएसडीवर मात्र असं लिहून भागत नाही, कारण कंट्रोलर राखीव जागेत जुने तुकडे ठेवतो. तिला बायोसमधून किंवा कंपनीच्या टूलने सिक्युअर इरेज द्या. बायोसने ड्राइव्ह 'फ्रोझन' आहे म्हणून नकार दिला तर मशीन स्लीपमध्ये घालून जागं करा आणि पुन्हा प्रयत्न करा. काही केल्या डिस्क ओळखलीच जात नसेल तर उघडून तबकड्यांवर ड्रिलने भोकं पाडा, डोळ्यांवर चष्मा घालून. लॅपटॉपच्या बऱ्याच तबकड्या काचेच्या असतात. टचपॅड वर उचललेला किंवा मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी सुजलीय. ती चार्ज करू नका, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, वेगळी काढून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, नेहमीच्या कचऱ्यात नाही.